इंग्रजी वाक्यं जोडताना एका सांध्याला एकच गाठ

'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट आय वेंट टू द मार्केट.'

हे वाक्य दर आठवड्याला कुणाच्या ना कुणाच्या वहीत मला खोडावं लागतं. लिहिणाऱ्याला शब्द येत असतात, स्पेलिंग बरोबर असतं, काळही बहुतेक बरोबर असतो. तरी वाक्य बिघडतं, कारण जिथे दोन वाक्यं एकमेकांना भेटतात तिथे एकाऐवजी दोन शब्द बसलेले असतात.

सोलापुरातल्या अशोक चौकाजवळच्या माझ्या संध्याकाळच्या वर्गात कुणाच्या घरी मराठी बोलतात, कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी कन्नड. चूक मात्र सगळ्यांची सारखीच. त्यामागचं कारण कळलं की निम्मं काम होतं. 'बस उशिरा आली म्हणून गाडी चुकली' यात जोडणारा 'म्हणून' पहिल्या वाक्याच्या शेवटी, बरोबर सांध्यावर येतो. तेलुगूतला 'काबट्टि' आणि कन्नडमधला 'आद्दरिंद' हेही तिथेच येतात. इंग्रजीतला 'बिकॉज' मात्र कारण सांगणाऱ्या वाक्याच्या डोक्यावर बसतो. म्हणजे आपण सुरुवातीलाच 'बिकॉज' लिहून मोकळे होतो, पुढे सांध्यापाशी पोचलो की कानाला सवयीचा शब्द हवासा वाटतो आणि हात आपोआप 'सो' लिहितो.

माझ्या वर्गातली बरीच मुलं यंत्रमागाच्या घरातली आहेत, त्यांना मी एवढंच सांगतो: धागा तुटला तर एक गाठ मारायची. गाठ न मारता दोन टोकं नुसती शेजारी ठेवली तर कापड उसवणार, आणि दोन गाठी मारल्या तर तिथे फुगवटा दिसणार. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका गाठीसाठी आहेत. क्रम बदलू नका. बहुतेक जण थेट स्वल्पविरामापासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात.

आधीची तयारी

नवीन पुस्तक घेऊ नका. तुम्ही स्वतः लिहिलेलं इंग्रजी काढा: नोकरीचा अर्ज, ऑफिसचा मेल, रजेची चिठ्ठी, साहेबांना पाठवलेला व्हॉट्सअ‍ॅप मेसेज. त्यातली दहा लांब वाक्यं एका वहीत एक ओळ सोडून उतरवा. दुसऱ्याची वाक्यं दुरुस्त करून आपली सवय मोडत नाही.

दोन रंगांची पेनं जवळ ठेवा. एक क्रियापदांसाठी, एक जोडणाऱ्या शब्दांसाठी.

शाळेतलं मराठी व्याकरण थोडं आठवा. संयुक्त वाक्य, मिश्र वाक्य, प्रधान वाक्य, गौण वाक्य, उभयान्वयी अव्यय, क्रियाविशेषण अव्यय. हे सहा शब्द ओळखीचे असले तर पुढचं सोपं जाईल.

पायरी १: वाक्यं मोजा

पहिल्या रंगाने फक्त काळ दाखवणारी क्रियापदं अधोरेखित करा. 'वेंट', 'इज', 'विल कम', 'हॅव सीन' ही अशी क्रियापदं. 'टू गो' किंवा नुसतं 'गोइंग' मोजायचं नाही.

जितकी क्रियापदं तितकी वाक्यं, आणि वाक्यांपेक्षा एक कमी तितके सांधे. दोन क्रियापदं असतील तर सांधा एक, तीन असतील तर दोन.

मराठीतून इंग्रजीत येताना इथे एक फसगत होते. 'मी घरी जाऊन, जेवून झोपलो' यात आपल्याला क्रियापद एकच दिसतं, कारण 'ऊन' लावून आपण कितीही कामं एका माळेत ओवतो. इंग्रजीत त्याचं 'आय वेंट होम, एट अँड स्लेप्ट' होतं. कर्ता एकच, क्रियापदं तीन, आणि 'अँड' फक्त शेवटच्या सांध्यावर. 'आय वेंट अँड एट अँड स्लेप्ट' असं लिहिणारे पुष्कळ आहेत. ते अगदी चूक नाही, पण लहान मुलाने दिवस सांगावा तसं ते वाटतं.

तपासा: प्रत्येक क्रियापदाचा कर्ता कोण, हे बोट ठेवून दाखवता येतंय का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

पायरी २: नातं ठरवा, मराठी शब्द बाजूला ठेवा

दोन वाक्यांमधलं नातं कोणतं? कारण, परिणाम, विरोध, वेळ, अट, उद्देश, की नुसती भर? समासात एका शब्दात लिहा.

ही पायरी गाळली की शब्दाला शब्द ठेवला जातो, आणि मराठीतले जोडशब्द एकेका जागी वेगळं काम करतात. 'म्हणून' घ्या. 'गाडी चुकली म्हणून बसने आलो' इथे परिणाम आहे, इंग्रजीत 'सो'. 'गाडी चुकू नये म्हणून लवकर निघालो' इथे उद्देश आहे, इंग्रजीत 'सो दॅट'. पहिल्याचं 'आय मिस्ड द ट्रेन, सो आय केम बाय बस'. दुसऱ्याचं 'आय लेफ्ट अर्ली सो दॅट आय वुड नॉट मिस द ट्रेन'.

'तरी' तसाच. 'पाऊस आला तरी मी गेलो' ही घडून गेलेली गोष्ट, म्हणून 'इव्हन दो'. 'पाऊस आला तरी मी जाणार' यात पाऊस अजून आलेलाच नाही, म्हणून 'इव्हन इफ'. मराठीत दोन्हीकडे 'आला तरी' असल्यामुळे हा फरक आपल्याला डोळ्यांनी दिसत नाही. घडलंय की घडेल, एवढं विचारलं की उत्तर मिळतं.

आणि 'की'. 'तो आला की सांगते', 'तो म्हणाला की जमणार नाही', 'चहा की कॉफी'. तीन 'की', इंग्रजीत अनुक्रमे 'व्हेन', 'दॅट' आणि 'ऑर'.

सावधान: नुसता 'इव्हन' दोन वाक्यं जोडू शकत नाही. 'इव्हन आय स्टडीड, आय फेल्ड' हे चुकलं. 'इव्हन दो आय स्टडीड, आय फेल्ड' हवं.

पायरी ३: शब्द कोणत्या गटातला, ते ओळखा

सगळा घोळ इथे होतो, म्हणून इथे वेळ द्या. जोडणारे शब्द तीन गटांत पडतात. वहीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने आखा.

पहिला रकाना, बरोबरीने जोडणारी उभयान्वयी अव्ययं: 'अँड', 'बट', 'ऑर', 'सो', 'येट', 'नॉर', 'फॉर'. रोजच्या बोलण्यात पहिली चारच लागतात. यांनी संयुक्त वाक्य होतं.

दुसरा रकाना, एका वाक्याला गौण करणारी: 'बिकॉज', 'ऑल्दो', 'दो', 'इफ', 'अनलेस', 'व्हेन', 'व्हाइल', 'अंटिल', 'बिफोर', 'आफ्टर', 'सिन्स', 'अ‍ॅज सून अ‍ॅज', 'सो दॅट'. यांनी मिश्र वाक्य होतं.

तिसऱ्या रकान्यात क्रियाविशेषणं: 'हाउएवर', 'देअरफोर', 'अदरवाइज', 'देन', 'स्टिल', 'ऑल्सो', 'बिसाइड्स', 'मीनव्हाइल', 'इन्स्टेड'. हे शब्द दोन वाक्यांमधलं नातं सांगतात, पण गाठ मारत नाहीत. 'बट' आणि 'हाउएवर' दोन्हींचा अर्थ 'पण' असला, तरी 'बट' गाठ मारतो आणि 'हाउएवर' मारत नाही.

शब्द कुठल्या रकान्यातला हे पाठ करण्यापेक्षा दोन चाचण्या शिका.

पहिली चाचणी सरकवून बघण्याची. शब्द त्याच्याच वाक्यात आत सरकवा. 'द शॉप, हाउएवर, वॉज क्लोज्ड' चालतं. 'द शॉप, बट, वॉज क्लोज्ड' मुळीच चालत नाही. सरकला तर क्रियाविशेषण, अडून बसला तर उभयान्वयी.

दुसरी चाचणी उचलून पुढे ठेवण्याची. शब्दासकट त्याचं अख्खं वाक्य आधी आणा. 'आय मिस्ड द ट्रेन बिकॉज द बस वॉज लेट' हे 'बिकॉज द बस वॉज लेट, आय मिस्ड द ट्रेन' असं उलटं होतं. म्हणजे 'बिकॉज' दुसऱ्या रकान्यात. 'द बस वॉज लेट, सो आय मिस्ड द ट्रेन' याला उलटून 'सो आय मिस्ड द ट्रेन, द बस वॉज लेट' करा, अर्थ कोलमडतो. म्हणजे 'सो' पहिल्या रकान्यात.

काही शब्द दोन घरी राहतात. 'दो' सुरुवातीला आला तर गौण वाक्य करतो, आणि बोलताना वाक्याच्या शेवटी आला तर क्रियाविशेषण होतो: 'सोलापूर इज व्हेरी हॉट इन मे. आय लाइक इट, दो.' इथे त्याचा अर्थ 'तरी', आणि पूर्णविराम आधीच दिलेला आहे. हा शेवटचा 'दो' ऐकायला येईल तेव्हा गोंधळू नका. 'बट' मात्र असा शेवटी टाकू नका.

सावधान: 'दॅट्स व्हाय' हा जोडशब्द नाही. त्यात कर्ता आणि क्रियापद दोन्ही आहेत, म्हणजे तिथे नवं वाक्य सुरू होतं. 'आय वॉज इल, दॅट्स व्हाय आय डिड नॉट कम' असं स्वल्पविरामाने चिकटवू नका. पूर्णविराम द्या, किंवा सरळ 'सो' वापरा.

पायरी ४: मराठी जोडीतला एक शब्द टाकून द्या

जरी-तरी, जर-तर, जेव्हा-तेव्हा, जोपर्यंत-तोपर्यंत. मराठीला जोड्या आवडतात, आणि मराठीत त्या शोभतात. इंग्रजीत एका सांध्याला एक शब्द. दुसऱ्या रंगाने जोडशब्दांना गोल करा आणि मोजा. सांधा एक आणि गोल दोन, तर एक खोडा.

चूक: 'ऑल्दो ही इज यंग, बट ही मॅनेजेस द शॉप.'
बरोबर: 'ऑल्दो ही इज यंग, ही मॅनेजेस द शॉप.' किंवा 'ही इज यंग, बट ही मॅनेजेस द शॉप.'

चूक: 'बिकॉज द रोड वॉज क्लोज्ड, सो वी वेंट व्हाया सात रस्ता.'
बरोबर: 'द रोड वॉज क्लोज्ड, सो वी वेंट व्हाया सात रस्ता.'

घरी कुणी वडीलधारं म्हणेल की आम्हाला 'दो' नंतर 'येट' शिकवलं होतं. त्यांचं खोटं नाही. जुन्या इंग्रजीत ही जोडी सर्रास सापडते, कारण तिथे 'येट' क्रियाविशेषण म्हणून येतो, 'तरीसुद्धा' या अर्थाने. आज रोजच्या लेखनात तो गाळतात. 'दो' नंतर 'बट' मात्र तेव्हाही चूक होतं, आजही आहे.

'इफ' नंतर 'देन' चालतो, कारण 'देन' गाठ मारत नाही. पण बहुतेक वेळा त्याची गरज नसते. 'व्हेन' नंतरचा 'देन' खोडाच.

आता नकाराच्या जोड्या. इथे चूक झाली तर अर्थ उलटा होतो.

'जोपर्यंत पैसे भरत नाही तोपर्यंत फॉर्म मिळणार नाही.' यातला पहिला 'नाही' धरून लोक 'अनलेस यू डोन्ट पे' लिहितात. 'अनलेस' म्हणजेच 'जर नाही'. त्यात नकार आधीच आहे. उपाय मराठीतच आहे: वाक्य आधी 'शिवाय' लावून म्हणा. 'पैसे भरल्याशिवाय फॉर्म मिळणार नाही.' पहिला 'नाही' आपोआप गळाला. आता इंग्रजी करा: 'अनलेस यू पे, यू विल नॉट गेट द फॉर्म.'

'अंटिल' साठी हाच मार्ग. 'तो येत नाही तोपर्यंत थांब' हे आधी 'तो येईपर्यंत थांब' असं करा. मग 'वेट अंटिल ही कम्स' सहज सुचतं. 'अंटिल ही डझन्ट कम' लिहायची वेळच येत नाही.

आणखी एक दुहेरी गाठ आहे, ती लवकर लक्षात येत नाही. 'त्याने विचारलं की तू कुठे चाललास?' याचं 'ही आस्क्ड मी दॅट व्हेअर आर यू गोइंग' होतं. इथे 'व्हेअर' स्वतःच गाठ मारतो, 'दॅट' नको. आणि आतला प्रश्न आता प्रश्न राहिलेला नाही, म्हणून शब्दक्रमही सरळ करायचा: 'ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग.'

इंग्रजीच्या स्वतःच्या काही जोड्या आहेत, त्या तोडू नका: 'आयदर' बरोबर 'ऑर', 'नायदर' बरोबर 'नॉर', 'बोथ' बरोबर 'अँड', 'नॉट ओन्ली' बरोबर 'बट ऑल्सो'. 'नो सूनर' बरोबर 'दॅन' येतो, 'देन' नव्हे. परीक्षेत हाच एक स्वर बघतात.

तपासा: वाक्य मोठ्याने वाचा. सांध्यावर जीभ दोनदा अडखळली, तर तिथे बहुधा दुसरी गाठ आहे.

पायरी ५: आता विरामचिन्ह

गट ठरला असेल तर ही पायरी लवकर उरकते.

पहिल्या रकान्यातला शब्द दोन पूर्ण वाक्यं जोडत असेल, तर त्याच्या आधी स्वल्पविराम: 'आय कॉल्ड हिम, बट ही डिड नॉट आन्सर.' कर्ता पुन्हा आला नसेल तर स्वल्पविराम नको: 'आय वेंट टू नवी पेठ अँड बॉट अ बॅग.'

दुसऱ्या रकान्यातलं वाक्य आधी आलं, तर सांध्यावर स्वल्पविराम. नंतर आलं, तर सहसा काहीच नाही. विरोध दाखवणाऱ्या 'ऑल्दो' आधी मात्र स्वल्पविराम शोभतो.

तिसऱ्या रकान्यातला शब्द आला, तर त्याच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम, आणि 'हाउएवर', 'देअरफोर', 'अदरवाइज' यांच्यानंतर स्वल्पविराम: 'द बँक वॉज क्लोज्ड; देअरफोर, वी केम बॅक.' 'देन' आणि 'स्टिल' नंतर स्वल्पविराम लागतोच असं नाही. अर्धविरामाची भीती वाटत असेल तर पूर्णविराम द्या. दोन छोटी बरोबर वाक्यं एका मोठ्या चुकलेल्या वाक्यापेक्षा कधीही बरी.

आपण मराठीत 'परंतु,' असं लिहून थांबतो, ती सवय इंग्रजीत नेऊ नका. 'बट,' आणि 'ऑल्दो,' या शब्दांना चिकटून स्वल्पविराम येत नाही.

सावधान: 'बिकॉज द बस वॉज लेट.' एवढंच लिहून पूर्णविराम देऊ नका. गौण वाक्य एकटं उभं राहत नाही. 'बिकॉज' ने वाक्य सुरू करूच नये असं शाळेत सांगतात ते याच भीतीने. मागून प्रधान वाक्य येत असेल तर खुशाल सुरू करा.

मित्राला मेसेज करताना 'आय केम, स्टिल ही वॉज नॉट देअर' असं स्वल्पविरामावर भागवलं तर कुणी अडवणार नाही. अर्जात आणि ऑफिसच्या मेलमध्ये ते अडतं.

पायरी ६: गौण वाक्यातला काळ बघा

'इफ', 'अनलेस', 'व्हेन', 'अंटिल', 'बिफोर', 'आफ्टर', 'अ‍ॅज सून अ‍ॅज' यांच्या वाक्यात पुढे घडणारी गोष्ट असली तरी 'विल' येत नाही.

चूक: 'व्हेन ही विल कम, आय विल टेल यू.'
बरोबर: 'व्हेन ही कम्स, आय विल टेल यू.'

नवल वाटून घेऊ नका. आपणही 'तो आला की सांगते' म्हणतो, तेव्हा पुढच्या गोष्टीला भूतकाळ वापरतोच.

पण 'आय डोन्ट नो व्हेन ही विल कम' हे बरोबर आहे. फरक कसा ओळखायचा? मराठीत 'तेव्हा' बसत असेल तर 'विल' नको. 'कधी' बसत असेल तर 'विल' चालतो.

जाता जाता एक: 'बिकॉज' पुढे वाक्य, 'बिकॉज ऑफ' पुढे नाम. 'ऑल्दो' पुढे वाक्य, 'डिस्पाइट' पुढे नाम. 'डिस्पाइट ऑफ' असं काही नसतं. 'ऑफ' हवाच असेल तर 'इन स्पाइट ऑफ' लिहा.

पायरी ७: एक अख्खा मेल दुरुस्त करून बघू

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यातून ग्राहकाला मेल जातो आहे, असं समजा. कच्चा मजकूर असा:

'ऑल्दो द यार्न केम लेट, बट वी कम्प्लीटेड द ऑर्डर. द टॉवेल्स आर रेडी, हाउएवर द लेबल्स आर नॉट प्रिंटेड. व्हेन यू विल कन्फर्म द डिझाइन, देन वी विल प्रिंट द लेबल्स. अनलेस वी डोन्ट रिसीव्ह द पेमेंट, वी कॅनॉट डिस्पॅच द गुड्स.'

पहिल्या वाक्यात दोन क्रियापदं, एक सांधा, दोन गाठी. 'बट' गेला. दुसऱ्यात 'हाउएवर' तिसऱ्या रकान्यातला आहे, स्वल्पविरामावर लटकतोय. आधी पूर्णविराम, नंतर स्वल्पविराम. तिसऱ्यात 'विल' आणि 'देन' दोन्ही खोडायचे. चौथं सगळ्यात महागात पडणारं. त्याचा खरा अर्थ होतो, 'पैसे मिळाले तर आम्ही माल पाठवू शकत नाही.' 'डोन्ट' गेलाच पाहिजे.

'ऑल्दो द यार्न केम लेट, वी कम्प्लीटेड द ऑर्डर. द टॉवेल्स आर रेडी. हाउएवर, द लेबल्स आर नॉट प्रिंटेड. व्हेन यू कन्फर्म द डिझाइन, वी विल प्रिंट द लेबल्स. अनलेस वी रिसीव्ह द पेमेंट, वी कॅनॉट डिस्पॅच द गुड्स.'

व्याकरण आता बरोबर आहे, पण मी हा मेल असाच पाठवणार नाही. इंग्रजी वाचणाऱ्याच्या मनात वाक्याचा शेवट जास्त रेंगाळतो, आणि इथे शेवटी 'कॅनॉट डिस्पॅच' आहे. ग्राहकाला ते धमकीसारखं लागेल. 'अनलेस' काढून गाठ बदला आणि वाक्य उलटवा: 'वी विल डिस्पॅच द गुड्स अ‍ॅज सून अ‍ॅज वी रिसीव्ह द पेमेंट.' अट तीच राहिली, 'रिसीव्ह' च्या आधी 'विल' नाही हेही बघून घ्या, आणि मग पाठवा.